खवल्याची शीर

सुरूच्या बनात खेळून मोठ्या झालेल्या कोकणातल्या पोरांना एक गंमत ठाऊक असते. सुरूची दोऱ्यासारखी हिरवी काडी मधल्या कुठल्याशा सांध्यावर हलकेच ओढून तोडायची, तुकडा परत खाचेत बसवायचा आणि समोरच्याला विचारायचे, ‘कुठे तुटलीय सांग.’ जोड असा बेमालूम बसतो की समोरचा हमखास चुकतो. मीही हा खेळ पुष्कळ खेळलो. पुढे कॉलेजात तीच काडी पहिल्यांदा भिंगाखाली धरली तेव्हा कळले, की आम्ही ज्याला सुरूचे पान म्हणत होतो ते पान नव्हतेच. ती फांदी होती. पाने होती सांध्यावर: सहा-आठ टोकदार खवले, एकमेकांना चिकटून गोल बसलेले, दिसतील न दिसतील एवढे. तोडलेला तुकडा त्या खवल्यांच्या वाटीत शिरून बसतो, म्हणून जोड दिसत नाही.

अशा पानाला वनस्पतिशास्त्रात शल्कपर्ण म्हणतात. शल्क म्हणजे खवला. एकदा नजर बसली की शल्कपर्णे सगळीकडे दिसू लागतात. आल्याच्या गड्ड्यावर गोल कड्या असतात आणि त्यांना कागदी पापुद्रे चिकटलेले असतात, ती शल्कपर्णे. ओल्या हळकुंडावरही तीच. कांद्याची वरची कोरडी सालेसुद्धा याच घराण्यातली. या सगळ्यांत पूर्वजांचे चांगले रुंद पान आक्रसत खवल्यावर आले आहे. सुरूने पाणी वाचवण्यासाठी ते आक्रसले, आल्याने जमिनीखाली पानाचे काम उरले नाही म्हणून.

पण पृथ्वीवर कधीतरी याच्या उलटही घडले असले पाहिजे. पान असे काही नव्हतेच, नुसते हिरवे खोड होते, आणि त्या खोडावर पहिला खवला उगवला. तो कसा होता? ज्या दगडांत या प्रश्नाचे उत्तर शोधायचे ते दगड सापडायलाच एकोणिसावे शतक उलटावे लागले. आणि सापडल्यावरही एका बारीकशा शिरेवरून पुढची शंभर वर्षे शास्त्रज्ञांची मते फिरत राहिली. खोडाच्या मध्यातून पाणी वाहणाऱ्या नळ्यांचे जुडगे जाते. त्यातून एक फाटा फुटून पानात शिरतो, तीच पानाची शीर. खवल्यात ही शीर आहे की नाही, असली तर ती कुठपर्यंत जाते, हा तो मुद्दा.

१७९० मध्ये जर्मन कवी गटेने वनस्पतींच्या रूपांतरावर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात पाकळ्या, पुंकेसर, फळ हे सारे एका पानाचेच बदललेले अवतार आहेत असे मांडले. कल्पना देखणी होती आणि बरीचशी खरीही होती. तिचा पगडा एवढा बसला की पान हाच वनस्पतीचा मूळ घटक ठरला. पान नसलेली मूळ वनस्पती कल्पनेत बसेना.

अशा वातावरणात १८५९ मध्ये जॉन विल्यम डॉसन यांनी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात एका विचित्र जीवाश्माचे वर्णन छापले. डॉसन मूळचे नोव्हा स्कोशियाचे भूशास्त्रज्ञ, त्या वेळी माँट्रियलच्या मॅकगिलचे प्राचार्य. कॅनडाच्या पूर्वेला सेंट लॉरेन्स जिथे समुद्राला मिळते तिथल्या गास्पे द्वीपकल्पावरचे हे जीवाश्म. भूशास्त्रज्ञ विल्यम लोगन यांनी १८४३ मध्ये काही नमुने तिथून आणले होते. डॉसन १८५८ मध्ये स्वतः गास्पेच्या किनाऱ्यावर गेले आणि डेव्होनियन काळातल्या त्या खडकांत पडलेली वनस्पती त्यांनी जागेवर पाहिली. फांद्या बेचक्यासारख्या दोन-दोन फुटत गेलेल्या, काही भागांवर काटे, आणि पाने म्हणावीत अशी पाने कुठेच नाहीत. त्यांनी तिचे नाव ठेवले सायलोफायटॉन प्रिन्सेप्स. ग्रीकमध्ये ‘सायलोस’ म्हणजे उघडा, बोडका.

या बोडक्या झाडाकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. कारणे बरीच होती. गास्पेचे जीवाश्म दगडावर दाबले गेलेले काळे डाग होते. पेशी दिसत नव्हत्या. शिवाय डॉसन यांनी काढलेल्या पुनर्रचनेच्या चित्रात वेगवेगळ्या वनस्पतींचे तुकडे एकत्र आले होते, हे पुढे सिद्ध झाले. १८७० मध्ये रॉयल सोसायटीत त्यांनी मानाचे बेकरियन व्याख्यान दिले, विषय हाच, पण सोसायटीने ते आपल्या ग्रंथमालेत छापायला नकार दिला. मधल्या काळात त्यांनी इओझून नावाचा एक ‘आदिजीव’ जाहीर केला होता. तो जीव नसून खडकातली रचना निघाली, आणि त्याचा बट्टा त्यांच्या इतर कामालाही लागला. १८५९ म्हणजे डार्विनचा ग्रंथ निघाला ते वर्ष, आणि डॉसन जन्मभर उत्क्रांतिवादाच्या विरोधात उभे राहिले. उत्क्रांतीचा सर्वांत बोलका पुरावा हातात असलेला माणूस उत्क्रांती मानत नव्हता. याबद्दल त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. मला मात्र त्यांच्या प्रामाणिकपणाचे मोल जास्त वाटते. जे दिसले ते त्यांनी लिहिले, आणि ते कोणाच्याच चौकटीत बसत नव्हते, त्यांच्या स्वतःच्याही नाही. १८९९ मध्ये ते गेले.

त्यानंतर तेराएक वर्षांनी गोष्ट स्कॉटलंडला येते.

ॲबर्डीनशायरमध्ये रायनी नावाचे खेडे आहे. गावाजवळच्या कुरणांत वरून पाहावे तर काहीच नाही. गवत, गुरे आणि शेतांच्या बांधावर रचलेले दगडी गडगे. एल्गिन गावचे डॉक्टर विल्यम मॅकी रुग्ण तपासून उरलेल्या वेळात भूशास्त्र करत. १९१२ च्या सुमारास ते रायनीच्या परिसराचा भूशास्त्रीय नकाशा करत असताना त्यांना गडग्यांत आणि शेतात मोकळे पडलेले चर्टचे काळपट दगड दिसले. चर्ट म्हणजे गारगोटीच्याच जातीचा, सिलिकाचा घट्ट दगड. फोडलेल्या दगडात बारीक नळ्यांसारखे काही होते. मॅकींनी त्याचे पातळ काप पाहिले आणि त्यांना खोडे दिसली.

पातळ काप ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. दगडाची चकती कापायची, तिची एक बाजू आरशासारखी घोटायची, ती बाजू काचेवर चिकटवायची आणि मग दुसरी बाजू घासत राहायची, इतकी की दगडातून उजेड पार होईल. काम चिकाटीचे. एक चुकीचा हात बसला की सगळे पुसून जाते. पण नीट जमले तर सूक्ष्मदर्शकाखाली चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या पेशी एकेक करून मोजता येतात.

रायनीचा चर्ट सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांचा आहे. आपला सह्याद्री ज्या लाव्ह्याच्या थरांचा बनला तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे रायनीचा दगड त्याच्या सहापट जुना. तेव्हा तिथे उन्हाळी होती, गरम पाण्याचे झरे. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांपेक्षा कितीतरी कढत, अमेरिकेतल्या यलोस्टोनसारखे, आणि त्या पाण्यात सिलिका विरघळलेली. झरा उसळून आजूबाजूच्या दलदलीत पसरला की तिथली झाडे उभ्याची उभी भिजत. पाणी निवले की सिलिका पेशीपेशींत भरून साकळे. कुजायला सवडच मिळत नसे. दख्खनच्या लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या तळ्यांतली झाडेही अशीच सिलिकात जपली गेली. छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलानचे चर्ट त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. पण रायनीला जे जपले गेले ते जमिनीवर आलेल्या अगदी पहिल्यावहिल्या झाडांपैकी होते.

चर्टचा थर जमिनीवर कुठेच उघडा नव्हता. १९१३ च्या ऑक्टोबरात भूसर्वेक्षण खात्याचे जीवाश्मसंग्राहक डी. टेट यांनी तिथे चर खणला आणि थर सापडला. दगड गेले रॉबर्ट किडस्टन यांच्याकडे. किडस्टन यांची सुरुवात बँकेतल्या नोकरीने झाली. ती सोडून स्टर्लिंग गावी घर करून ते कोळशाच्या थरांतल्या वनस्पतींच्या अभ्यासाला लागले आणि त्यांच्या पिढीतले त्या विषयातले सर्वांत मोठे जाणकार झाले. जीवाश्म नेचांवर त्यांच्यासोबत काम करणारे डेव्हिड ग्विन-व्हॉन १९१५ मध्ये अकाली वारले.  रायनीच्या कामात किडस्टन यांच्या जोडीला आले मँचेस्टरचे विल्यम हेन्री लँग. लँगही शिक्षणाने डॉक्टर, पण त्यांनी सारे आयुष्य नेचे आणि शेवाळांना दिले.

पहिले महायुद्ध चालू असतानाच, १९१७ मध्ये, या दोघांचा पहिला निबंध एडिंबराच्या रॉयल सोसायटीने छापला. १९२१ पर्यंत असे पाच झाले. पहिल्या निबंधातली वनस्पती गावाच्या आणि गेलेल्या सहकाऱ्याच्या नावाने: रायनिया ग्विन-व्हॉनी. वीतभर उंचीचे हिरवे दांडे, बेचक्यासारखे फुटलेले, टोकाला बीजाणूंची पिशवी. पाने नाहीत. मुळेही नाहीत, जमिनीलगत आडव्या पसरलेल्या खोडावर नुसते केसांसारखे धागे. डॉसन यांनी साठ वर्षांपूर्वी जे सांगितले होते ते आता पेशींसकट समोर उभे होते. किडस्टन आणि लँग यांनी या साऱ्या जुन्या वनस्पतींसाठी नवा गण केला आणि त्याला नाव दिले सायलोफायटेलिस, डॉसन यांच्या बोडक्या झाडावरून.

रायनियामुळे पान मूळचे नाही हे सिद्ध झाले. मग पान आले कसे? १९२० मध्ये आलेल्या तिसऱ्या निबंधातल्या झाडाचे नाव मॅकींवरून ठेवले होते: ॲस्टेरोझायलॉन मॅकिए. माझ्या मते रायनीचा खरा मोती हाच.

खोडाचा आडवा काप भिंगाखाली ठेवला की आधी मध्यावरची चांदणी दिसते. पाणी वाहणाऱ्या नळ्यांचे जुडगे इथे रायनियासारखा गोल ठिपका नाही. त्याला कंगोरे आहेत, बाहेर निघालेले टोकदार हात आहेत. नावाचा अर्थ तोच, ताऱ्याचे लाकूड. सगळे मधासारख्या रंगाचे. चांदणीच्या प्रत्येक टोकासमोर, थोड्या अंतरावर, लहान-लहान गोल ठिपके विखुरलेले आहेत. हे ठिपके म्हणजे चांदणीतून फुटून बाहेरच्या दिशेने तिरके निघालेले शिरांचे फाटे, कापात आडवे कापले गेलेले. नजर एका ठिपक्याचा माग काढत पुढच्या कापांतून बाहेर सरकते. खोडाच्या सालीपर्यंत येते. सालीबाहेर हिरवे खवले आहेत, जास्तीत जास्त अर्धा सेंटिमीटर लांब, खोडावर दाटीने बसलेले, श्वासरंध्रेसुद्धा असलेले. म्हणजे प्रकाशावर अन्न करणारे, काम करणारे खवले. शीर त्यांच्या दिशेने येते, खवल्याच्या बुडाशी पोचते, आणि तिथेच संपते. खवल्याच्या आत जात नाही.

किडस्टन आणि लँग यांनी हे काटेकोरपणे नोंदवले. नेमक्या मधल्या पायरीवर काळ थांबल्यासारखा हा पुरावा होता: खोडाने पानाकडे शीर पाठवली आहे, पान अजून ती घ्यायला तयार नाही.

ग्लासगोचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक ऑर्पेन बॉवर यांनी या निरीक्षणाचे महत्त्व पुरते ओळखले. १९०८ मध्ये, रायनीची बातमी येण्याआधी, त्यांनी जमिनीवरच्या वनस्पतींच्या उगमावर जाडजूड ग्रंथ लिहिला होता. रायनीने त्यातली काही मते बदलायला लावली आणि त्यांनी ती बदलली. १९३५ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, ‘प्रिमिटिव्ह लँड प्लांट्स’ या ग्रंथात त्यांनी पानाच्या उगमाची कथा मांडली. उघड्या खोडावर आधी नुसते फुगवटे, काटे, खवले आले. त्यांत शीर नव्हती. खवले वाढले तशी खोडातून शीर त्यांच्या बुडापर्यंत आली. शेवटी ती आत शिरली आणि एका शिरेचे लहान पान तयार झाले. नेचे, आंबा, वड यांची रुंद, शिराशिरांची पाने निराळ्या वाटेने आली असावीत असे मानले गेले. त्यासाठी जर्मनीत वॉल्टर झिमरमान यांनी १९३० मध्ये फांद्यांचे जाळे चपटे होऊन पान झाले असा सिद्धांत मांडला होता. तो वेगळा विषय आहे.

बॉवर यांच्या कथेला जिवंत साक्षीदारही होते, आणि इथे माझ्यासारख्या अनेक मराठी विद्यार्थ्यांचा तिच्याशी संबंध येतो. आमच्या सहलीत पचमढीला सर आम्हाला एका ओल्या कातळाच्या भेगेपाशी घेऊन गेले. तिथे हिरव्या काड्यांचा झुबका होता, बेचक्यासारखा फुटत गेलेला, बिनपानांचा. काड्यांवर दूरदूर टोचल्यासारखे बारीक खवले आणि काहींच्या बगलेत तीन कप्प्यांच्या पिवळ्या गोळ्या. सायलोटम. सरांनी ते रोप उपटू दिले नाही. गुडघे टेकून बघा म्हणाले, हा जिवंत जीवाश्म आहे. आम्ही ओळीने गुडघे टेकले. रायनियाला हात लावल्यासारखे वाटले होते, हे अजून आठवते.

पाठ्यपुस्तकातली मांडणी अशी होती. सायलोटम न्यूडम: खवल्यात शीर नाही, खोडातूनही फाटा फुटत नाही. त्याचा चपट्या काड्यांचा भाऊ सायलोटम कॉम्प्लनेटम: फाटा फुटतो, खवल्याच्या बुडाशी थांबतो. न्यू कॅलेडोनिया, न्यूझीलंडकडचा त्यांचा नातलग टमेसिप्टेरिस: पानात एक शीर थेट टोकापर्यंत. तीन जिवंत झाडे, तीन पायऱ्या, आणि मधल्या पायरीवर ॲस्टेरोझायलॉनचा दगडातला पुरावा. केंब्रिजमध्ये पुराजीवशास्त्रज्ञ सेवर्ड यांच्या हाताखाली तयार झालेल्या बिरबल साहनींनी याच टमेसिप्टेरिसवर १९२५ मध्ये मोठा निबंध लिहिला. भारतात पुराजीवशास्त्र ज्यांनी उभे केले त्या माणसालाही या घराण्याने ओढून घेतले होते, कारण जमिनीवरच्या पहिल्या झाडांचा दरवाजा तिथे किलकिला झालेला दिसत होता.

मात्र बॉवर यांचा ग्रंथ आला त्याच १९३५ साली लँग यांनीच एका नव्या निबंधात अडचण उभी केली. सोबत होत्या मेलबर्नच्या इझाबेल कुकसन. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतात ये गावाजवळच्या खडकांत एक जीवाश्म सापडला होता, बॅरगवनाथिया लाँगिफोलिया. त्याच्या दांड्यावर खवले नव्हते, चांगली चार-चार सेंटिमीटर लांब पाने होती, प्रत्येकात शीर. आणि खडक सिल्युरियन काळाच्या अखेरीचा, रायनीहून जुना. त्या वयावर पुढे पन्नासेक वर्षे शंका घेतली गेली. शेवटी बहुतेकांनी ते मान्य केले. म्हणजे खवला आधी आणि पान नंतर, ही ओळ काळाच्या दोरीवर उलटी पडत होती. पूर्ण पान असलेली वनस्पती आधीची, अर्धवट खवल्याची नंतरची.

यातून वाट काढायला लोकांनी वेळ घेतला. ॲस्टेरोझायलॉन हे त्या पानवाल्या झाडाचे पणजोबा नाही, चुलत भाऊ आहे, एवढे मानले की प्रश्न सुटतो. घरातल्या एका शाखेने जुनी रीत सोडून द्यावी आणि दुसऱ्या शाखेने ती पिढ्यान्‌पिढ्या पाळावी, तसे. ॲस्टेरोझायलॉनने जुनी रीत जपली होती. (जाता जाता, लँग यांनी १९३७ मध्ये वेल्सच्या सीमेकडे सापडलेल्या एका अतिप्राचीन, बिनपानांच्या वनस्पतीला कुकसनबाईंचे नाव दिले: कुकसोनिया. आज ते नाव शाळेच्या पुस्तकांतही असते.)

दुसरी दुरुस्ती पुढे झाली. किडस्टन आणि लँग यांना ॲस्टेरोझायलॉनच्या खवलेदार फांद्यांलगत काही बिनपानांच्या फांद्या सापडल्या होत्या, टोकाला बीजाणूंच्या पिशव्या असलेल्या. त्यांनी त्या याच झाडाच्या मानल्या. १९६४ मध्ये ए. जी. लायन यांनी दाखवले, की ॲस्टेरोझायलॉनच्या पिशव्या मूत्रपिंडाच्या आकाराच्या असून त्या खवल्यांच्या मधोमध, खोडावरच बसतात. ज्या बोडक्या फांद्या त्याच्या नावावर होत्या ते निराळेच झाड निघाले, नोथिया. डॉसन यांनी केलेली चूक, दोन झाडांचे तुकडे एकात जोडण्याची, इतक्या काळजीने काम करणाऱ्या दोघांकडूनही झाली होती. लायन यांची दुरुस्ती लहान दिसते पण तिने घराणे बदलले. पानांच्या संगतीत बसणारी मूत्रपिंडाकृती पिशवी ही लायकोपॉड गटाची खूण आहे. सेलाजिनेला, लायकोपोडियम आणि कोळशाच्या जंगलातले तीस-चाळीस मीटरचे लेपिडोडेंड्रॉन, सगळे त्या गटातले. याच लायन यांनी पुढे रायनीची ती जागा विकत घेतली आणि १९८२ मध्ये संरक्षणासाठी निसर्गसंवर्धन खात्याच्या हवाली केली.

डॉसन यांचा हिशेबही या काळात पुरा झाला. त्यांच्या सायलोफायटॉनमधले काटेरी तुकडे फ्रान्सिस ह्यूबर यांनी १९७१ मध्ये वेगळे काढले आणि त्या वनस्पतीला नाव दिले सॉडोनिया. डॉसन हे नाव अक्षरे फिरवून त्यात लपवलेले आहे. तिच्या काट्यांत शीर नाही.

आता राहिला सायलोटम, आमचा जिवंत जीवाश्म. त्याच्यावर संशय घेणारा एक माणूस आधीपासून होता, डेव्हिड बियरहॉर्स्ट. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते सांगू लागले की सायलोटम हा नेचा आहे. ते कोणाला रुचले नाही. रायनियाशी नाते सांगणारे रोप सोडायला कोण तयार होणार? निकाल डीएनएने दिला. १९९२ मध्ये लिंडा रॉबसन आणि रॉबर्ट जॅनसन यांनी हरितकणांच्या डीएनएमधला सुमारे ३०,००० अक्षरांचा एक तुकडा तपासला. शिरा असलेल्या बाकी सगळ्या वनस्पतींत हा तुकडा उलटा बसलेला आहे. सुलटा आहे तो फक्त लायकोपॉडांत. म्हणजे लायकोपॉड सर्वांत आधी वेगळे निघाले, तुकडा उलटा होण्याआधीच. आणि सायलोटममध्ये तो उलटा होता. २००१ मध्ये कॅथलीन प्रायर आणि सहकाऱ्यांनी त्याचे घर निश्चित केले: तो नेच्यांत बसतो, ओफियोग्लॉसमच्या शेजारी. हे ओफियोग्लॉसम म्हणजे सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात बहुधा एकच पान घेऊन उगवणारे ते चिमुकले नेचे.

तेव्हा पचमढीच्या कातळावर आम्ही ज्याच्यापुढे गुडघे टेकले त्याचे पूर्वज पानवाले होते. मूळ आणि पान दोन्ही टाकून ते बोडके झाले होते. त्याच्या खवल्यात शीर पोचायची बाकी नव्हती; ती येऊन गेली होती. सुरूचे आणि त्याचे नशीब एक. शीर बुडाशी थांबणारा कॉम्प्लनेटमचा खवला आणि ॲस्टेरोझायलॉनचा खवला कापात शेजारी ठेवले तर सारखे दिसतात, पण एक पायऱ्या उतरत आला आहे आणि दुसरा चढत. बॉवर यांनी दोघांना एकाच जिन्यावर उभे केले होते. मला हे पहिल्यांदा वाचून वाईट वाटले होते. सरांना कळवावेसे वाटले, पण ते तोवर गेले होते.

रायनीचा खवला मात्र टिकला. तो नक्की कशापासून आला यावर अजून दोन मते आहेत. बॉवर यांचे मत, की तो खोडावर नव्याने उगवला. दुसरे मत पॉल केनरिक आणि पीटर क्रेन यांनी १९९७ मध्ये मांडले: खवला म्हणजे वांझ झालेली बीजाणूंची पिशवी. पिशव्या खोडावर होत्याच, त्यांतल्या काहींनी बीजाणू करणे सोडून उजेड गोळा करायला सुरुवात केली. ॲस्टेरोझायलॉनमध्ये पिशव्या आणि खवले एकाच खोडावर सरमिसळ बसलेले असतात, हे लायन यांनी दाखवले होतेच. म्हणून हे मत हलके घेता येत नाही.

अलीकडे एडिंबरात सँडी हेदरिंग्टन यांच्या गटाने या झाडाला पुन्हा हात घातला. एकाच दगडाच्या ओळीने कापलेल्या चकत्या संगणकात एकमेकींवर रचून त्यांनी आतली मुळे-खोडे त्रिमितीत उभी केली. ते काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मग खवल्यांची पाळी आली. अननसाच्या सालीवरचे डोळे तिरक्या रांगांत बसतात. एका बाजूने रांगा मोजल्या तर बहुतेकदा ८ भरतात, दुसऱ्या बाजूने १३. आजच्या बहुसंख्य झाडांत हे आकडे १, २, ३, ५, ८, १३ या एका ठराविक मालिकेतले असतात, आणि ही मांडणी वनस्पतींत मुळापासून आली असा समज होता. हॉली-ॲन टर्नर आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ॲस्टेरोझायलॉनच्या फांद्यांवरचे खवले आणि पिशव्या मोजल्या. रांगा लगतच्या दोन आकड्यांच्या निघाल्या, सात आणि आठ अशा. काही ठिकाणी तर खवले सरळ वलयांत बसलेले. आज फार थोड्या वनस्पतींत अशी मांडणी आढळते, आणि त्यांत लायकोपॉडांचा भरणा आहे.

लायकोपॉड पाहायला स्कॉटलंडला जावे लागत नाही. श्रावणात लोणावळ्याहून खाली घाटात उतरताना ओल्या दरडींवर शेवाळाच्या बरोबरीने एक नाजूक, जाळीदार, पोपटी रोप पसरलेले असते. बरेच जण त्याला शेवाळच समजतात. ते सेलाजिनेला. त्याची पाने खवल्यासारखीच, दोन-तीन मिलिमीटरची, खोडावर चपटी दाबून बसलेली. एक फांदी उजेडासमोर धरावी आणि दहापट भिंगातून बघावे. हिरव्या पारदर्शक खवल्याच्या मधोमध एक बारीक गडद रेघ दिसते. ती बुडाशी थांबत नाही. टोकापर्यंत जाते.